पाण्याचा दिवस

पाचव्या दिवशी नळ येतो आमच्याकडे,
कधी रात्री अडीचला, कधी तीनला.
आधी सूं करून हवा, मग तांबूस, मग पाणी.
ह्या वेळी नळापाशी माझ्याआधी माझा भाऊ होता.

आडवा.
एक चप्पल पायात, एक कुठेतरी अक्कलकोट रोडला.
यमुलांच्या सुनेने त्याचा पाय उचलून बाजूला ठेवला,
दुसऱ्याचं भांडं सरकवावं तसा, हलक्या हाताने,
आणि तिथे आपली घागर लावली.
कुणी काही बोललं नाही.
तेच जास्त लागलं.

सीनू एकोणीसचा आहे.
टॉवेलच्या कारखान्यात रात्रपाळीला चार माग बघतो.
तुटलेलं सूत न बघता सापडतं त्याला,
मास्तर म्हणायचे, ह्या पोराचे डोळे बोटांत आहेत.
हल्ली म्हणत नाहीत.
हल्ली बोटं सकाळी अकरापर्यंत थरथरतात.

परवान्याला पंचवीस वर्षं लागतात म्हणे.
गुत्त्याच्या खिडकीला वय कळत नाही,
हात गजांतून आत पोचला
की पोरगा मोठा झाला.
पहिल्यांदा इरेशने पाजली, गड्ड्याच्या जत्रेत,
"काय बे, पाळण्याला भितो? घे, भीती जाती."
भीती गेली.
इरेशही गेला, दिवाळीच्या आधल्या आठवड्यात.
त्याच्या आईने सगळ्यांना कावीळ सांगितली.
आम्हीही सगळ्यांनी
कावीळच विचारली.

निवडणुकीच्या आधी मैदानात बिर्याणी होती,
बिर्याणीमागे खोकी.
निवडणूक झाल्यावर त्याच मैदानात व्यसनमुक्तीचा फलक लागला,
तो बांधायला शिडीवर सीनूच चढला होता.
शंभर रुपये मिळाले.
शंभर रुपयांचं काय झालं ते फलकाने वरून बघितलं असेल.

मी बोलायला जाते
आणि माझ्याच बोटांचा वास आधी येतो.
रोज आठशे विड्या वळते मी.
पान भिजवायचं, पत्रा ठेवून कापायचं, तंबाखू, दोरा, गाठ.
अम्मानेही वळल्या, खोकत खोकत,
त्या खोकल्यातून ह्या दोन खोल्या झाल्या, माझी दहावी झाली.
आत्ता ह्या क्षणी कुणाच्या तरी भावाच्या ओठांत
माझी गाठ जळत असेल.
त्याची बहीण मला काय म्हणत असेल?
गुत्तेवालीलाही दोन पोरं आहेत, दोघं शाळेत जातात,
बूट घालून.

कारखान्यात चेकर मूठभर विड्या उचलतो,
दाबून बघतो, ढिली निघाली की छाट.
पान आमचं, दोरा आमचा, वेळ आमचा,
पण ती मोजायची नाही.
कितीदा तरी मी सीनूला मनातल्या मनात
त्या ढिगात टाकलंय,
आणि रात्री उठून, लाज वाटून,
हाताने चाचपत परत आणलंय.

चारला नळाने पुन्हा सूं केलं.
तो उठून बसला.
"अक्का, पाणी आलं?"
"गेलं."
त्याने आजूबाजूला बघितलं. बायका दारं लावत होत्या.
मग माझी भरलेली घागर त्याने खांद्यावर घेतली,
मी नको म्हणायच्या आत.
अर्धी त्याच्या शर्टावर सांडली, अर्धी पिंपात पडली.
पाच दिवसांचं पाणी, त्यातली अर्धी घागर अशी गेली.
मी ओरडले नाही.
शर्ट अंगाला चिकटला होता आणि आतल्या बरगड्या
मला मोजता येत होत्या.

दुपारी कारखान्यात साडेसहाशे भरल्या.
चेकर म्हणाला, कमी कशा ओ आज?
मी सूप झटकलं.
म्हटलं, रात्री पाणी आलं होतं.