कु. लुंगे

तिचं नाव लुंगोवे. ऐकू आलं तसं मी हजेरीपटावर लिहिलं :
कु. लुंगे, सकाळी सात ते आठ, मशीन नंबर चार.
आर्वीकडची असंल, नत्थू शिपाई म्हणाला,
ती दारात उभी राहीपर्यंत.

सीताबर्डीच्या गल्लीत, जिन्यावर माझी इन्स्टिट्यूट.
मे महिन्यात रेमिंग्टनच्या कळांचा बोटांना चटका,
कूलरचे शिंतोडे कार्बनवर.
कायदा ती कॉलेजात शिकायची, बोटं माझ्याकडे.
पूर्णविरामानंतर दोन जागा मोकळ्या, मी सांगायची,
वाचणाऱ्याला श्वास घेऊ द्यावा.
ती तीन सोडायची.
"आमच्याकडे लोक हळू वाचतात, मॅडम."

डिसेंबरात सरकार नागपुरात येतं,
मागोमाग मोर्चे,
आणि मोर्च्यांना लागतात निवेदनं.
कामठीहून बिडी वळणाऱ्या बाया आल्या,
पाच रुपये कमी पडत होते, म्हटलं राहू द्या.
लुंगेनं एका दमात सहा प्रती काढल्या;
सहावी इतकी फिकी
की उजेडाला धरावी लागे.
"ही कोण वाचतं?"
"फाईल वाचते," मी म्हणाले, आणि हसले.
ती हसली नाही.

मग वर्षं गेली.
पेपरच्या आतल्या पानावर, पंचांगाखाली, चार ओळी :
पाणीपुरवठा मंत्री.
पुढे कधीतरी सहा ओळी : पंतप्रधान.
देशाचं नाव छापताना चुकलेलं.
राष्ट्राध्यक्षांना म्हणे खुर्चीत कुणी शांत बाई हवी होती.
चार नंबरचा आवाज त्यांनी ऐकला नसावा.

चौदा महिने टिकली.
तळघरातली निवेदनं तिनं वर आणवली,
ओलसर, वाळवीनं खाल्लेली, सगळ्या सहाव्या प्रती,
आणि दर बुधवारी एकेक
संसदेत उभं राहून मोठ्यानं वाचली.
हळू वाचत असणार.
एका बुधवारी धरणाचं निघालं,
आणि धरण अध्यक्षांच्या मेव्हण्याचं निघालं.

राजीनाम्याचा फोटो नातवानं मोबाईलवर मोठा करून दाखवला.
मशीनवर टाईप केलेला, अजूनही!
डावीकडे समास दहा घरं, बरोबर.
पूर्णविरामानंतर जागा तीन. हट्टी कुठली.
शेवटच्या ओळीत मात्र एका शब्दावर
फुल्यांवर फुल्या मारलेल्या,
खालून दिसतोच तो :
आदरपूर्वक.

खाडाखोडीचे दोन गुण जातात, हे तिला पाठ होतं.
ब्रशवाला गोल खोडरबर निघताना मीच दिला होता.

इन्स्टिट्यूटच्या जागी आता मोबाईल कव्हरचं दुकान आहे.
हजेरीपट माझ्या कपाटात.
कु. लुंगे, गुणांचा रकाना कोरा,
परीक्षेआधीच घरून तार आली होती.
पेन उघडून बसले आहे मघापासून.
नत्थू असता तर म्हणाला असता,
देऊन टाका नं बाई, किती पाहाल!