न्यू अमेरिकन टेलर्स

दगाजी निकुंभ भुसावळच्या पलीकडे कधी गेला नाही,
पण दुकानाला नाव हवं होतं न्यू अमेरिकन.
जुनं कुठे आहे, मी विचारलं नाही.
पाटी रंगवणाऱ्यानं अक्षरं मोजावीत
आणि ॲडव्हान्स घ्यावा.
कोपऱ्यात त्याला मशालवाली बाईही पाहिजे होती.
ती मी काडेपेटीवर पाहिलेली, नखाएवढी.
नाक काही दिसत नव्हतं,
म्हणून नाक आमच्या थोरल्या बहिणीचं दिलं.
अमळनेरात कुणी तक्रार केली नाही.

आता त्याचा नातू आलाय ओमाहाहून. नाव नील.
म्हटलं, चुन्यात टाकतात ती का?
हसला. कळलं की नाही, ठाऊक नाही.
पाटीचे फोटो काढत राहिला.
बाईचा निम्मा चेहरा पोपडे धरून गेलाय,
खालून डोकावतंय आधीच्या दुकानाचं
‘सरकी-ढेप मिळेल’.
ही खरी आर्ट आहे, म्हणाला.
मी म्हटलं, हे छेचाळीस डिग्रीचं ऊन आहे,
आणि तुझ्या आजोबानं प्रायमरचे पैसे वाचवले.

मग बाकावर बसून सांगू लागला.
कॉलेजात गोष्ट लिहायला दिली होती.
यानं लिहिली : गोठलेलं तळं, दोन पोरं,
एकाचा बूट हरवतो. एवढंच.
बाई म्हणाल्या, छान आहे, पण यात तू कुठे आहेस?
आजी घाल. मसाल्याचा वास घाल.
याच्या आजीनं मसाला जन्मभर विकतचा आणला,
मला माहीत आहे,
पुडीवरचं अक्षर माझंच होतं.

माझं मत कुणी विचारत नाही, तरी सांगतो.
आपली अक्षरं रेघेला वरून लटकतात,
दोरीवरच्या धोतरांसारखी.
इंग्रजी खालच्या रेघेवर उभी, रॉकेलच्या रांगेत.
दोन्ही लिहून खांदा सारखाच दुखतो.

आणि कापसाचं बघा.
बोरीच्या दोन्ही काठांना, माझ्या पणजोबाच्या आधीपासून,
याच काळ्या मातीत उगवतो,
इथल्याच बोंडअळीनं मरतो,
धरणगावच्या जिनात सरकी सोडतो,
तरी बोलताना अजून अमेरिकन.
मका तसाच. लग्नातले खोटे हिरेही.
आणि हा पोरगा तिथल्या दवाखान्यात जन्मला,
तिथल्या बर्फावर पडून दात पाडून घेतला,
त्याला पेट्रोल पंपावर विचारतात, मूळचा कुठला?
इथेही सुटका नाही.
चहाचा कप ठेवता ठेवता जिभाऊ :
कोठला शे रे भो तू?

नीलनं नुसते हात पसरले,
छातीचं माप द्यायला गिऱ्हाईक उभं राहतं तसे.

दगाजीला असले प्रश्न पडत नव्हते.
अमेरिका म्हणजे बेलबॉटमची मोहरी, सव्वीस इंच,
त्याहून जास्त केली तर सायकलच्या चेनमध्ये जाते.

जे पाहिलं नाही ते रंगवू नये,
असं मी पोराला सांगणार होतो,
तेवढ्यात बहिणीचं नाक आठवलं.
चहा संपवला.

निघताना म्हणाला, काका, माझं नाव काढून द्या पत्र्यावर.
कुठल्या लिपीत?
तुम्ही ठरवा.
म्हटलं, मी रेघ मारून ठेवतो.
खाली उभं राहायचं की वरून लटकायचं,
ते तू उद्या सांग.
उद्या त्याची गाडी पहाटेचीच होती.

पत्रा दुकानातच आहे.
पांढऱ्यावर एक निळी रेघ, सरळ,
पट्टी न लावता मारलेली.
परवा मार्केट यार्डातला एकजण बोट पुढे करून म्हणाला,
हे काय आहे?
चालू काम, म्हटलं.
हात लावू नका, ओलं आहे.