अंश आणि छेद

कोर्पिसाल्मी चर्चची मरणवही
फेब्रुवारीत उघडायची, तर आधी हात शेकून घ्यावे लागतात.
इर्मेली हातमोजे काढते, कॉफीचा कप लांब सरकवते
आणि एकोणीसशे चार सालात शिरते.

माणसं तेराशे ऐंशी. मेली बावीस.
यंदा गावात चारशे साठ. मेली बारा.
भागाकार सोपा, उत्तर अवघड :
दर हजारी तेव्हा सोळा, आता सव्वीस.
दवाखाना आला, गुडघ्याच्या नव्या वाट्या आल्या,
न्हाणीघराच्या फरशीखालीसुद्धा ऊब आली,
आणि मरण वाढलं?

ती खिडकीबाहेर बघते.
शाळेला कुलूप. झोपाळ्यावर वीतभर बर्फ.
तरुण दक्षिणेला गेले
आपापली मरणं बरोबर घेऊन.
गावाचा आकडाच म्हातारा झालाय.

मग ती तराजू बदलते.
सत्तरीच्या वरचे तेवढेच घेते :
तेव्हाचे शेहेचाळीस, गेले सहा.
आताचे एकशे नव्वद, गेले दहा.
दर हजारी एकशे तीस होते, त्रेपन्न राहिले.
हे खरं. मघाचंही खोटं नव्हतं.
भागाकार विचारलं तेवढंच सांगतो,
साक्षीदार असतो तसा.

पण शेहेचाळीस तरी नक्की होते का?
वहीत कोणी एकाहत्तराव्या वर्षी मरतच नाही.
सत्तरला गर्दी, ऐंशीला गर्दी,
मधली वर्षं ओस.
कोणाला आठवणार? आई सांगायची,
लाल गाय व्याली त्या साली, बर्फ वितळायच्या आधी.
पाद्री शेवटी शून्य टेकवून मोकळा व्हायचा.
आणि कारणाच्या रकान्यात पानोपानी एकच शब्द :
म्हातारपण.
जसा काही तोही साथीचाच ताप.

आणखी मागे अठराशे अडुसष्ट.
तिथे ओळी दाटतात, अक्षर बारीक होतं.
जमीन कुदळीला दाद देईना,
म्हणून पेट्या कोठारात रचल्या वसंत येईतो.
कोठार रिकामंच होतं.
हेटा, विधवा, वय ऐंशी,
आणि शून्याशेजारी शाईचा लहानसा ठिपका :
पाद्र्याचा हात तिथे अडला असावा.
तिच्याखाली सात बिननावाचे,
उत्तरेकडून भाकरी मागत चालत आलेले.
त्यांना अंशात जागा मिळाली,
छेदात ते कधी नव्हतेच.
या गावात एक दिवस न जगता
या गावचा मृत्युदर वाढवून गेले.

इर्मेली त्या सातांपुढे पेन्सिल थांबवते.
नियमाने त्यांना वगळायला हवं.
ती वगळते. मग परत लिहिते.
मग वही मिटते.

आमच्याकडे हजार पौर्णिमा पाहिलेल्या माणसाला
पाटावर बसवून ओवाळतात.
इर्मेलीला हे ठाऊक नाही.
तिच्या हजारावर फक्त माणसं मोजली जातात,
आणि तिची आई, आउने, एक्याण्णव वर्षांची,
सगळे चंद्र स्वयंपाकघराच्या एकाच खिडकीतून पाहून
बटाटे सोलत बसलेली असते.

"काय सापडलं?"
"पूर्वीपेक्षा हळू मरता तुम्ही."
"ते मला कंबर रोज सांगते."
साल न तुटता लांबत जाते.
"आणि मी कुठेय तुझ्या त्या गणितात?"
इर्मेली टेबलावर सांडलेल्या पिठात
बोटाने आडवी रेघ ओढते.
"छेदात. रेघेच्या खाली."
"खाली?"
"जिवंत असतात ते खाली, आई. मेलेले वर."
आउने सुरी ठेवते, इतकी हसते की खोकला येतो.
"उलटं धरलंयस पोरी. आम्ही आयुष्यभर
त्यांनाच खाली घालत आलो."

मग डोळे पुसून म्हणते,
पायरीवर बर्फ धरलाय.
जाताना मूठभर वाळू टाक.

इर्मेली अंधारात उभी राहून वाळू टाकते,
वरच्या पायरीवर, मधल्या,
आणि जिथे कोणी पाय ठेवत नाही
त्या कडेच्याही दगडावर.