निरंक

रविवारी सकाळी सहाला अक्साच्या वाळूत
नऊ जणं. दहावा मयंक उशिरा येतो,
तोंडात अजून ब्रश असल्यासारखा बोलतो.

मी पुतळा आडवा ठेवते.
त्याला पाय नाहीत, कमरेलाच संपतो.
पोरांनी नाव ठेवलंय अर्धे काका.
"दाबा. दोन इंच खोल. मोठ्याने मोजा."
तिसापर्यंत पोचताना क्लाइव्हच्या नाकावरचा घाम
काकांच्या तोंडात पडतो, सगळे फिदीफिदी हसतात,
मीही हसते.
खऱ्याच्या तोंडाला फेस असतो
आणि मागे कुणीतरी त्याला नावानं हाका मारत असतं,
हे मी अजून सांगितलेलं नाही.
जानेवारीत सांगेन.

मग पाणी.
"कुठे उतरावं, दाखवा."
दहाही बोटं त्या शांत पट्ट्याकडे,
जिथे लाट फुटत नाही.
तिथेच नाही उतरायचं, बाळांनो.
माझा बाप होडीतून ओरडायचा,
"ओढीशी झगरू नको गो, आरवी पव!"
तेच मी आता प्रमाण मराठीत
हातात छापील तक्ता धरून सांगते.

मयंकला धावायचंच असतं.
दोनदा शिट्टी न वाजवता घुसला.
तिसऱ्यांदा त्याला वाळूत बसवून सांगितलं,
आधी शिट्टी. मग तरंगणारं काहीतरी. मग तू.
एकाचे दोन झाले
तर तुझ्या आईला फोन मी करणार आहे.
नंबर आहे माझ्याकडे.
तो पायाच्या अंगठ्याने वाळू उकरत राहिला.

मे महिन्यात, भरती चढताना,
कुठल्याशा ऑफिसच्या सहलीतले पाच जण
पँटी गुडघ्यांवर दुमडून निघाले
नेमके त्या शांत पट्ट्याकडे.
झैनबने शिट्टी वाजवली.
"अभ्यास कर जा," एक जण म्हणाला.
ती सोळा वर्षांची. वजन, ओल्या कपड्यांसकट, बेचाळीस किलो.
पाण्यात शिरली आणि त्यांच्या नि पट्ट्याच्या मध्ये
छातीशी लाल तरंगा धरून
उभी राहिली.
बोलली नाही. चाळीस मिनिटं.
मी मनोऱ्यावरून उतरले, अर्ध्या वाटेत थांबले.
शेवटी ते कंटाळले,
कणसं खायला गेले.

वहीत रकाने आहेत : तारीख, भरतीची वेळ, बावटा,
बुडालेले, वाचवलेले.
"मॅडम, पाच लिहू?"
नाही.
"मग काय लिहू?"
निरंक.
"म्हणजे?"
सरकारी शब्द आहे. काही घडलं नाही, असा.

तिने पेन घट्ट धरलं, तरी अक्षर थरथरलं,
क चा आकडा पुढच्या रकान्यात गेला.
आत्ता कुठे तिचे गुडघे कापायला लागले होते.
मयंकने न बोलता तिच्यापुढे चहा ठेवला.
खाली सही केली तिने, पूर्ण नाव, आडनावासकट,
आणि चपला शोधायला लागली.
एक भरतीने नेली होती.