तीस पौंड

ऑर्लिगुर आला तो दिव्याची तक्रार घेऊन.
चव्वेचाळीस इंची टायर मीच चढवले होते त्याच्या गाडीला,
रुंद रिम, कडेनं बोल्टांची गोट,
चाकांवरच्या कमानी कापून, सांगाडा उचलून.
गाडी आता अशी उभी राहायची
की पोटाखालून मेंढी मान न वाकवता जावी.
पण कंपनीची चाकं उतरवली
आणि त्यांच्यासोबत उतरले चार सेन्सर,
अंगठ्याएवढे,
आत काळोखात बसून हवेचा हिशोब ठेवणारे.
त्या दिवसापासून डॅशबोर्डवर पिवळा दिवा.

"दुर्लक्ष कर," मी म्हटलं.
"केलं," तो म्हणाला, "दोन हिवाळे.
आता डोळे मिटले तरी पिवळं दिसतं."

मग मी पाइप कापला.
नळाचा, पांढरा, हातभर.
दोन्ही टोकांना झाकणं, एका झाकणात व्हॉल्व्ह.
चारही सेन्सर आत सोडले, ते खडखडले
वाळक्या शेंगेतल्या बियांसारखे.
सरस सुकू दिला. तीस पौंड हवा भरली.
मागच्या सीटखाली ठेवला, जुन्या स्वेटरात गुंडाळून.
चार मैल गेल्यावर दिवा विझला
आणि ऑर्लिगुरनं तिथूनच फोन केला,
नुसता हसायला.

वर लांगयोकुलच्या बर्फावर आम्ही हवा सोडतो.
तीन पौंड. कधी दोन.
टायर बसकण मारतो, पसरतो,
पातळ गोठलेल्या तळ्यावरून जड माणूस
पोटावर सरकत जातो तसा.
चाकांत तीन, पाइपात तीस,
आणि गाडी ऐकते पाइपाचं:
सगळं ठीक.
सगळं ठीक.

मला त्यात काही वावगं वाटलं नाही.
असे पाइप आमच्या गावात घरटी एक असतील.
आईचा फोन आला की
मीही तीस पौंडांनी बोलते.

फेब्रुवारीत एक स्कीवालं जोडपं हरवलं
(हरवलं नव्हतं, एका खोपटात सूप पीत बसलं होतं,
पण ते नंतर कळलं).
ऑर्लिगुर पथकाच्या पुढे गेला.
वारा असा उठला की बोनेट दिसेना,
मग बोनेटवरचा हातही.
डिझेल राखायला त्यानं इंजिन बंद केलं.
चार तास.
रेडिओवर दर अर्ध्या तासानं विचारत,
कसा आहेस?
दर अर्ध्या तासानं तो सांगे,
उत्तम.

वारा पडला, त्यानं किल्ली फिरवली,
थोडं पुढे गेला,
आणि पिवळा दिवा.

उतरला. मांडीभर बर्फात चारही चाकांना फेरी घातली,
हातमोजा काढून दाबून पाहिलं एकेकाला.
तीन. तीन. तीन. जरासं कमी, पण तीनच म्हणायचं.
चाकं ठणठणीत.
मग सीटखालून पाइप काढला
आणि तो हाताला चिकटला,
इतका गार.

थंडीत हवा आकसते, हे पोरांनाही ठाऊक आहे.
मलाच कसं सुचलं नाही कोण जाणे.
चाकांबद्दल तो पाइप नेहमी खोटं बोलला,
तसाच बनवला होता मी त्याला.
पण त्या रात्री गाडीच्या आत काय होतं
ते त्यानं सांगून टाकलं,
कुणी विचारलं नसताना.

मंगळवारी ऑर्लिगुर दुकानात आला.
उजव्या हाताच्या दोन बोटांना पट्टी.
मी कॉम्प्रेसरची नळी ओढली, म्हटलं,
चाळीस भरते, पुन्हा कुरकुर करणार नाही.
तो पाइप काखेत धरून उभा राहिला,
घ्यायला गेले तर देईना.
"राहू दे," म्हणाला,
"आहे तेवढीच राहू दे."
मग बराच वेळ बोटं कशी ठणकतात ते सांगत बसला,
आणि रात्री झोप कशी लागत नाही,
आणि कॉफी गार झाली तरी प्यायला नाही.

त्याची कंपनीची चाकं
अजून माझ्या मागच्या भिंतीला टेकून आहेत.
सेन्सर काढले तिथे भोकं, भोकांत पावसाचं पाणी.
नेतो म्हणतो दर वेळी.