जोड

भोसरीच्या कारखान्यात माझा बाप
बॉयलरच्या जोडांचे फोटो काढायचा.
रात्रपाळीला, वेल्डर घरी गेल्यावर,
इरिडियमची नखाएवढी गोळी
केबलच्या टोकानं पाइपात सरकवायची,
पळत जाऊन पिंपामागं उकिडवं बसायचं
आणि आकडे मोजायचे.
कधी गोळी मधेच अडकायची.
मग कुणीतरी जायचं काढायला.
बहुतेक वेळा निवृत्ती लांडगे.

छातीला लावायचा बिल्ला
तो घरीच खिळ्याला अडकवून जायचा,
कॅलेंडरशेजारी.
बिल्ला भरला की गोळीवरून काढत,
रात्रीचा भत्ता बंद.
दर तिमाहीला रिपोर्ट यायचा: शून्य.
तो आमच्या स्वयंपाकघराचा रिपोर्ट होता,
आईच्या फोडणीचा,
मी घोकत असलेल्या एकोणतिसाच्या पाढ्याचा.

रक्त असं खिळ्याला टांगून जाता येत नाही.

आता मी एरंडवण्यात, दुसऱ्या मजल्यावर,
अंधाऱ्या खोलीत पेशी मोजते.
उबेत वाढवायच्या, फुटू लागल्या की थांबवायच्या,
एक नंबरचं गुणसूत्र लाल रंगवायचं.
बाकी सगळी निळी.
मधेच अर्धं लाल, अर्धं निळं दिसलं
तर समजायचं, हे कधीतरी तुटलं
आणि घाईत भलत्यालाच जाऊन चिकटलं.

बापाच्या हजार पेशींत त्रेचाळीस.

माझ्यात चार.
नोकरीच्या सहाव्या वर्षी झाले मी.
दाबके मॅडम म्हणाल्या, अगं, छत्तिशीत चार म्हणजे काहीच नाही,
माझ्यात काढलेस तर जास्त निघतील.
खरंच असेल.
चारांपैकी कोणता कुठून आला
हे पेशी सांगत नाही,
मीही विचारायचं सोडलंय, दिवसा तरी.

परवा बापाला घेऊन आले, बसनं.
त्यानं चश्मा कपाळावर सरकवला, भिंगाला डोळा लावला,
अंधार त्याच्या ओळखीचा होता.
बराच वेळानं म्हणाला,
"हा जोड मी पास केला नसता.
लाल शाईनं गोल करून
परत पाठवला असता."

मग मी न सांगताच पुढची काच सरकवली.
"ही कुणाची?"
"कंट्रोल. तुलनेला घेतो. कुणाचीतरी."

"कुणाचीतरी," तो म्हणाला.
डोळा काढला नाही.
त्याच्या श्वासानं भिंग धुरकटलं,
त्यानं खिशातला रुमाल काढून पुसलं.

रुमालानं भिंग पुसायचं नसतं.
मी काही बोलले नाही.