कंदील

तीन दिवस झाले, डावा कान उघडला नाही.
दारव्ह्याच्या डॉक्टरनं थेंब दिले, म्हणाला, आठवडाभर उडू नका.
म्हणून मी गावात. ओट्यावर. तुरीच्या ओल्या शेंगा सोलत.
बकऱ्यांच्या घंटा, कुणाची फटफटी, शेजारच्या शेवंताचं भांडण,
सगळं पाण्याखालून आल्यासारखं.

बाबा उजवीकडून येऊन बसतात, चांगल्या कानाच्या बाजूनं.
'सांग बरं, काय झालं होतं वरते?'

काही फुटलं नाही, बाबा. आवाज नाही, धूर नाही.
हवा नुसती निघत राहिली,
रात्रभरात सायकल बसते तशी, कुठल्याशा झडपेतून.
सदतीस हजार फुटांवर.
डोक्यावरच्या तबकडीत काटा सरकत होता
आणि मला, खरं सांगू, बरं वाटत होतं.
हलकं. कॅप्टन बत्रांच्या मिशीचं हसू येत होतं.

बाबांचे हात थांबले.
'हिरीत तसंच होते. वायू गोड असते.
माणूस हासते, मंग बसते, मंग निजते.
तुमच्यापाशी कंदील कोणता होता?'

भोंगा होता. तो वाजला.
मास्क. मी माझा, त्यांनी त्यांचा.
मग, ऐकू येतं का? येतं.
बाकी सगळं त्यानंतर.
मागे एकशे बासष्ट माणसं, त्यांच्यापुढे छपरातून मास्क पडले,
त्यांत बारा मिनिटांची हवा.
वाटेवरून बाजूला वळलो, नाक खाली घातलं,
पंखांवरच्या फळ्या उभ्या केल्या, अख्खं विमान थरथरत,
आणि सर्दीनं धरलेल्या या कानात कुणीतरी दाभण घालत होतं.
दहा हजारांवर दिवे दिसले, विरळ.
कोणत्या गावाचे, बघायला वेळ नव्हता.

नागपूरला उतरल्यावर मागे गेले.
रांगांवर पिवळे मास्क लोंबत होते,
भोपळ्याच्या कोमेजल्या फुलांसारखे.
एक बाई रडत होती. पोरगं मांडीवर, धडधाकट, बिस्किट खात.
'मी आधी माझाच लावला हो,' म्हणाली, 'याला नंतर.'
मी म्हटलं, बरोबर केलंत. तसंच लिहिलेलं असतं.

'काय लिहून असते?'

की आधी आपला लावायचा. मग लेकराचा.

'छापून?'

छापून. दर खुर्चीच्या पाठीला कार्ड असतं, चित्रासकट.

माझ्या जन्माआधीची गोष्ट, पण गावात कोण विसरलंय.
खोब्रागड्यांच्या विहिरीत गाळ काढायला उकंडाकाका उतरले.
हाक देईनात म्हणून दशरथ उतरला.
दशरथामागे त्याचा साळा.
बाबांनी दोराला कंदील बांधून सोडला. विझला.
ते उतरले नाहीत.
बादल्यांनी पाणी शिंपडलं, लिंबाच्या फांद्या वरखाली केल्या,
हवा हलावी म्हणून. ती हलेपर्यंत उशीर झाला.
तेव्हापासून लग्नात, तेरवीत, पोळ्याच्या तोरणाखाली
कुणीतरी विचारतंच,
'शेषराव, तू कावून नाई उतरला?'
काकू अजून आमच्या दारावरून जाताना मान वळवते.

टरफलांचा ढीग बाबांनी हातानं सारखा केला.
'ते कारड,' म्हणाले, 'एखांदं आणता येते काय?'
नेऊ देत नाहीत, बाबा.
'बरं.'

मग उठले, पाणी प्यायले,
आणि येऊन माझ्या डाव्या बाजूला बसले.
त्या बाजूनं बराच वेळ काहीतरी बोलत राहिले.
मी शेंगा सोलत होते.
काय म्हणालात, असं विचारलं नाही.